तीच बावीस पुस्तकं

दाराची बेल वाजली तेव्हा आत्या टेबलाखाली होती.

अगदी पूर्ण टेबलाखाली! बाहेर फक्त तिचे दोन पाय दिसत होते, एकात मोजा, दुसऱ्यात नाही. राउटरची वायर सैल झाली होती आणि आत्याला सैल वायर सहन होत नसे. एरवी ती लोकांच्या वेबसाइट बनवायची आणि उरलेल्या वेळात लोकांची कोडी सोडवायची. तिच्या मते ही दोन्ही कामं एकच होती.

"दोन्हीकडे कुणीतरी शपथेवर सांगतं की मी काहीच बदललं नाही," ती म्हणायची. "आणि काहीतरी बदललेलं असतंच."

दार आतोबांनी उघडलं. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आणि आता तिचे एकुलते एक, बिनपगारी, भयंकर उत्साही मदतनीस. त्यांच्याकडे एक जाड वही होती. डोळ्यांना दिसेल ते सगळं त्या वहीत उतरायचं. त्यातलं कामाचं काय, हे मात्र त्यांना कधीच कळायचं नाही.

दारात तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी उभी होती. पाठीला लॅपटॉपची बॅग, आणि हार्ड डिस्क छातीशी अशी धरलेली, जणू मांजराचं पिल्लूच.

"आत्या आहेत का? आज पाच वाजता मला कामावरून काढणार आहेत."

"आत ये," टेबलाखालून आवाज आला. "पाचला अजून सहा तास आहेत."

मुलगी 'बोलक्या वाचनालया'त वेब डेव्हलपर होती. ज्यांना दिसत नाही अशांसाठी तिथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत आणि वेबसाइटवर ठेवत. तीनशे बारा पुस्तकं होती. वेबसाइट तिनं एकटीनं उभी केली होती, ही तिची पहिलीच नोकरी. ऑफिसात सगळे तिला सर्व्हरबाई म्हणत. आधी चेष्टेनं, मग सवयीनं.

"सोमवारी सकाळी साडेनऊला बावीस पुस्तकं नाहीशी झाली," ती म्हणाली. "मी साइट बंद केली, बॅकअपमधून परत आणली. मंगळवारी साडेनऊला परत बावीस गेली. तीच! बुधवारी तीच. काल गुरुवारी काही नाही. आज शुक्रवार, परत तीच बावीस."

"तीच का?" आत्या आता खुर्चीवर आली होती. केसांना जळमट, डोळ्यांत चमक.

"माहीत नाही. आमच्या यादीच्या एका पानावर पंचवीस नावं येतात. पहिल्या पानावरची सगळी जातात, फक्त तीन राहतात. कोंबड्या पाळण्याचं पुस्तक, बागकामाचा पहिला भाग आणि एका गिर्यारोहकाच्या आठवणी."

"कोंबड्या," आतोबांनी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"लॉगमध्ये काय दिसतं?"

लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोण आलं, कधी आलं, काय करून गेलं, याची तिथे सेकंदासेकंदाची नोंद असते.

"ऑफिसचंच इंटरनेट, आणि लॉगिन 'कार्यालय'. ते सगळेच वापरतात, पासवर्ड भिंतीवर चिकटवलाय. तीन सेकंदांत बावीस पुस्तकं! आमचे व्यवस्थापक सर म्हणतात, हाताने हे जमणार नाही, प्रोग्रॅम लागतो, आणि प्रोग्रॅम फक्त मला येतो."

"आणि तू असं का करशील?"

"गेल्या महिन्यात मी नवं इंटरनेट मागितलं होतं, ते नाही मिळालं. शिवाय बॅकअप मी रोज घरी नेते. सर म्हणतात, आधी स्वतःच आग लावायची आणि मग बंब घेऊन धावायचं, म्हणजे बाईंशिवाय चालत नाही असं सगळ्यांना वाटतं." तिनं हार्ड डिस्क आणखी घट्ट धरली. "नुसतं काढलं तर चालेल हो आत्या. पण हे कारण माझ्या नावापुढे लागलं, तर पुढे कुणी मला सर्व्हरजवळ फिरकू देईल का?"

आत्यानं दुसरा मोजा शोधून पायात चढवला. म्हणजे केस घेतली!

*

वाचनालय तिसऱ्या मजल्यावर होतं. मधोमध लोखंडी कपाटांची भिंतच, जुन्या कॅसेटांनी गच्च भरलेली. कपाटांच्या अलीकडे राउटर. पलीकडे ग्रंथपालबाईंचं टेबल आणि रेकॉर्डिंगची खोली. कोपऱ्यात काचेच्या पार्टिशनमागे सर्व्हरबाईची जागा.

"इंटरनेटला हा डोंगर ओलांडून जावं लागतं," आतोबा कपाटांकडे बघत म्हणाले. भूगोल सुटत नाही माणसाचा!

पहिले भेटले व्यवस्थापक सर. शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि एक पेचकस. त्यांच्या टेबलामागे कागद लावला होता, 'विनाखर्च सुधारणा'. खाली यादी: गळका नळ, करकरणारं दार, ग्रंथपालबाईंचा वेग, डुगडुगणारी खुर्ची. सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा.

"बाईंचा वेग?" आतोबा आत्याच्या कानात कुजबुजले. "म्हणजे त्या हळू चालायच्या की काय?"

"लिहून ठेवा," आत्या म्हणाली.

"मला त्या मुलीबद्दल आकस नाही," सर म्हणाले. "पण गुरुवारचं बघा. सकाळी नऊ ते अकरा मी स्वतः ग्रंथपालबाईंच्या खुर्चीत बसलो. तिथून काचेतून ती समोर दिसते. कॉम्प्युटरही चालू केला नाही मी, नजर हलवली नाही. आणि त्या दिवशी एकही पुस्तक गेलं नाही! नजर होती म्हणून हिंमत झाली नाही. सरळ हिशोब आहे."

"मग ग्रंथपालबाई कुठे बसल्या?"

"रेकॉर्डिंगच्या खोलीत, तिथल्या कॉम्प्युटरवर."

"आणि या आठवड्यात ऑफिसात नवीन काही आलंय?"

"नवीन?" सर ताठ झाले. "मंडळाच्या मंजुरीशिवाय इथे टाचणीसुद्धा येत नाही."

आत्यानं मान डोलावली. जणू टाचणीचीच चौकशी करायची होती!

*

ग्रंथपालबाई साठीच्या. रोज सकाळी साडेनऊला आल्या आल्या त्या यादी उघडत, कुठलंही एक पुस्तक लावून दोन मिनिटं ऐकत आणि मगच दिवस सुरू करत. आधी कॅसेटांवर, आता वेबसाइटवर, अकरा वर्षांत हा नेम चुकला नव्हता. बाकी दिवसभर फोनवर ऐकणाऱ्यांशी बोलणं.

"पुस्तकं गेली की पहिला ओरडा माझाच," त्या म्हणाल्या. "आज एका आजोबांचा फोन आला. म्हणे, नायिका विहिरीत उतरली आणि तुम्ही पुस्तकच बंद केलंत! आता मी त्यांना काय सांगू? उतरली ती उतरली?"

"तुमच्या हातून चुकून पुस्तकापुढचं 'काढा' दाबलं गेलं असेल?"

"छे हो! एकदा, दोन वर्षांपूर्वी, बोट पडलं होतं. लगेच चौकट आली, 'खरंच काढायचं?' म्हणून. मी अशी दचकले! तेव्हापासून त्या शब्दाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही."

"या आठवड्यात आली होती ती चौकट?"

"एकदाही नाही."

"कॉम्प्युटर त्रास देतो का?"

"आधी द्यायचा. पान उघडेपर्यंत माझं अर्धं विणकाम व्हायचं. पण सोमवारपासून अगदी गुणी लेकरू झालंय! बोट ठेवायचा अवकाश, पान हजर."

आतोबा टेबलावरच्या वस्तू वहीत उतरवत होते: चष्म्याचं घर, लोकरीचे दोन गुंडे, नातीचा फोटो, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात केशरी रॉकेटचं चिमुकलं चित्र (शोभेचं).

आत्यानं ती ओळ वाचली. मग पडद्याकडे पाहिलं, आणि चक्क गुणगुणायला लागली!

*

रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. पलीकडच्या रस्त्यावर कुणाची सायकल गंजली आहे हे तो इथे बसून सांगू शके.

"गेलेल्या बावीसांपैकी दहा तरी मी स्वतःच फेकून दिली असती," तो बेधडक म्हणाला. "काय ती खरखर! वाचणारा वाचतोय की पापड तळतोय कळत नाही."

आतोबांनी घाईघाईनं वहीत लिहिलं: 'गुन्हेगार सापडला.'

"मग फेकली नाहीत का?" आत्यानं विचारलं.

"फेकायची कशाला? दुरुस्त करतो मी एकेक. आत्ता तीन घेतलीत. कोंबड्या, बागकाम आणि तो डोंगर चढणारा. त्यांच्यापुढे यादीत 'काम चालू' अशी खूण आहे. तिथे 'काढा' हा शब्द दिसतच नाही, मीच सर्व्हरबाईला सांगून घालवला. कुणाचं बोट पडायला नको."

आतोबांनी 'गुन्हेगार सापडला' खोडलं.

"गुरुवारी ग्रंथपालबाई तुमच्या कॉम्प्युटरवर बसल्या होत्या. यादी उघडली होती का त्यांनी?"

"उघडली ना. नेम आहे त्यांचा. पण उघडता उघडता दोघांची जांभई झाली. इथलं इंटरनेट पहिल्यापासून गोगलगाय, आजही."

"आजही?"

"आत्ता बघा हवं तर."

आत्यानं बघितलं. यादीचं पान वरून खाली असं सावकाश उतरलं, जणू जिना उतरणारी आजारी म्हैस!

बाहेर आल्यावर आतोबांनी वही मिटली. "मला तर काहीच कळलं नाही. सगळे भले वाटतात."

"सगळे भलेच आहेत," आत्या म्हणाली. "म्हणून तर इतका वेळ लागला." मग ती सर्व्हरबाईकडे वळली. "पाचच्या आत वाचनालयाची हुबेहूब नक्कल उभी करशील? तीच पुस्तकं, तीच यादी, पण खोटी. गेली तरी कुणाचं काही जाणार नाही अशी."

"चाळीस मिनिटं द्या."

तिनं पस्तीस मिनिटांत उभी केली. बोटं अशी चालत होती की आतोबा वहीत काही लिहायचंच विसरले.

*

पाच वाजता बैठकीसाठी मंडळाच्या अध्यक्षबाई आल्या. पांढरी काठी, सरळ पाठ. त्यांना लहानपणापासून दिसत नव्हतं आणि वाचनालयाचं जवळजवळ प्रत्येक पुस्तक त्यांनी ऐकलेलं होतं. सगळे ग्रंथपालबाईंच्या टेबलाभोवती जमले. सर्व्हरबाई कपाटाला टेकून उभी होती.

"प्रयोग करून दाखवते," आत्या म्हणाली. "अध्यक्षबाई, ही खोट्या वाचनालयाची साइट तुमच्या फोनवर उघडली आहे. फोनला विचारा, किती पुस्तकं?"

फोन बोलला, "तीनशे बारा."

"ग्रंथपालबाई, तुमच्या कॉम्प्युटरवर हीच यादी उघडा. उघडायची फक्त. आणि उघडल्याबरोबर आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. थांबायचं नाही."

"टाळ्या कशासाठी?" सरांनी विचारलं.

"अध्यक्षबाईंना ऐकू यावं म्हणून. जो हात टाळी वाजवतोय, तो कळ दाबू शकत नाही."

अध्यक्षबाई हसल्या. "हे मला आवडलं. चला."

ग्रंथपालबाईंनी यादी उघडली. टाळ्या सुरू झाल्या. सरांच्या जोरदार, कानसेनाच्या तालात, ग्रंथपालबाईंच्या बांगड्यांसकट, आतोबांच्या वही काखेत धरून. कपाटापाशी सर्व्हरबाईच्याही. अध्यक्षबाईंनी मान फिरवत एकेक टाळी मोजली. पाचही जागच्या जागी होत्या, आणि आत्याची सहावी.

"आता परत विचारा."

फोन बोलला, "दोनशे नव्वद."

टाळ्या थांबल्या.

"बावीस गेली," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या. "कुणी हात न लावता. सांगा आता."

आत्या टेबलाच्या कडेला टेकली. आतोबांनी नवं पान उघडलं.

"मी पहिल्यांदा विचार केला, राहिलेल्या तिघांचा. सर्व्हरबाईनं पुस्तकं काढायची ठरवली असती, तर तिला यादीचं पान लागलंच नसतं. ती थेट सर्व्हरवर गेली असती, आणि तिथे 'काम चालू' असो वा नसो, पंचवीसच्या पंचवीस गेली असती. पण राहिली नेमकी तीच तीन, ज्यांच्यापुढे पानावर 'काढा' लिहिलेलं नव्हतं. म्हणजे जे कुणी हे करत होतं, त्याला सर्व्हर माहीतच नव्हता. त्याला फक्त पहिलं पान दिसत होतं."

"पण तीन सेकंद!" सर म्हणाले. "माणसाच्या हाताला..."

"बरोबर. तुमचा तर्क निम्मा अचूक होता सर, आणि मला त्याचं कौतुक आहे. हे माणसानं केलंच नाही. कुणीही 'काढा' दाबलं असतं, तर 'खरंच काढायचं?' ही चौकट आली असती. ग्रंथपालबाईंना ती एकदाही दिसली नाही. प्रोग्रॅमच होता. पण सर्व्हरबाईचा नाही."

"मग गुरुवारी का थांबला? मी तर..."

"गुरुवारी तुम्ही जिच्यावर नजर ठेवलीत, ती कामच करत होती. आणि ज्याच्यासमोर बसलात, तो कॉम्प्युटर बंद होता! यादी तर त्या दिवशीही उघडली गेली, त्याच वेळी, त्याच बाईंच्या हातून. फक्त दुसऱ्या कॉम्प्युटरवर. पुस्तकं शाबूत राहिली. म्हणजे दोष माणसात नव्हता, या एका कॉम्प्युटरमध्ये होता."

सगळ्यांनी त्या कॉम्प्युटरकडे असं पाहिलं, जणू तो आता पळूनच जाणार!

"या कॉम्प्युटरचं काय बदललं? सोमवारपासून तो वेगवान झाला. वायर तीच, कपाटं तीच, कानसेनांची गोगलगायही तीच. मग याच्यातच काहीतरी घातलं गेलं. कुणी? आतोबा, तुमच्या वहीत सरांच्या भिंतीवरची यादी आहे. तिसरी ओळ."

"'ग्रंथपालबाईंचा वेग'," आतोबांनी वाचलं. "बरोबरची खूण." मग त्यांचे डोळे विस्फारले. "अहो, मी म्हटलं त्यांचं चालणं!"

सरांचा हात नकळत खिशातल्या पेचकसाकडे गेला. "ते... ते तर फुकट होतं. एका पानावर वाचलं, 'तुमचं इंटरनेट पाचपट वेगवान'. शनिवारी बाई घरी गेल्यावर मी बसवलं. त्यांना पानाची वाट बघत बसावं लागायचं, म्हणून. तुम्ही 'नवीन काही आलंय का' विचारलंत, मला वाटलं, खरेदीचं विचारताय."

"म्हणून तुम्ही खोटं बोलला नाहीत," आत्या म्हणाली. "हे केशरी रॉकेट. ते वेग कसा वाढवतं ठाऊक आहे? तुम्ही एक पान उघडलंत की त्या पानावरची प्रत्येक लिंक ते मागच्या मागे स्वतःच उघडून ठेवतं. तुम्ही बोट ठेवाल तेव्हा पान तयार. फार हुशार नोकर आहे, पण वाचता येत नाही त्याला. 'ऐका' ही लिंक उघडली, तशीच 'काढा' ही पण उघडली. चौकट फक्त माणसाच्या बोटासाठी होती, त्याला ती लागलीच नाही. रोज सकाळी साडेनऊला, पहिल्या पानावरच्या बावीस पुस्तकांचं असंच झालं. बाईंनी ऐकायला म्हणून यादी उघडली, आणि रॉकेटनं पुसून टाकली."

"अगं बाई!" ग्रंथपालबाईंनी तोंडावर हात ठेवला. "म्हणजे मीच रोज..."

"तुम्ही नाही. तुमचा नेम होता म्हणून तर वेळ कळली."

सर सर्व्हरबाईसमोर जाऊन उभे राहिले. मान खाली. "चार दिवस मी तुला नाही नाही ते बोललो. माफ कर."

तिनं नुसतीच मान हलवली.

मग अध्यक्षबाईंनी काठी जमिनीवर टेकवली. "एक शंका. असं रॉकेट जगात पुष्कळांनी बसवलं असेल. मग सगळ्यांच्याच वेबसाइट पुसल्या का जात नाहीत?"

आत्याला उत्तर ठाऊक होतं. दुपारपासूनच ठाऊक होतं. पण ती नखं बघत बसली. आतोबांनी तिला कोपरानं ढोसलं, तरी ती गप्प.

सर्व्हरबाई कपाटापासून पुढे आली. दोन मिनिटांपूर्वी ती सुटली होती. आता बोलली नसती, तर कुणालाच काही कळलं नसतं.

"कारण चूक माझी आहे," ती म्हणाली. "लिंक असते ती फक्त दाखवायला. एखादी गोष्ट बदलायची, काढायची असेल तर बटण ठेवायचं, कारण लिंक कुणीही उघडू शकतं आणि बटण माणसानं दाबावं लागतं. हे मला शिकवलं होतं. पण त्या आठवड्यात घाई होती, रकान्यात लिंक छान बसत होती, मी म्हटलं चौकट आहे ना, नंतर बदलू. ते 'नंतर' दोन वर्षं झालं. सरांनी फक्त रॉकेट आणलं. दार मी उघडं ठेवलं होतं."

आतोबांनी लिहायला पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. आत्या मात्र त्या पोरीकडे असं बघत होती, की आतोबांनी तिला इतक्या वर्षांत कुणाकडे तसं बघताना पाहिलं नव्हतं.

"दुरुस्तीला किती वेळ लागेल?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"वीस मिनिटं."

"मग बैस. आम्ही थांबतो."

"आणि बैठक?"

"विषय एकच होता, तुला ठेवायचं की नाही. तो संपला. आता मला ते विहिरीतलं पुस्तक पुढे ऐकायचंय, मीही अर्ध्यावरच अडकले आहे."

कानसेनानं धावत जाऊन काचेमागची खुर्ची आणली. सरांनी पेचकस काढून तिचा सैल स्क्रू आवळला, आणि मगच सर्व्हरबाईला बसू दिलं. ती टाइप करायला लागली. आधी चाचपडत, मग एकसारख्या, भराभर कळा वाजत राहिल्या, आणि अध्यक्षबाई डोळे मिटून, मान किंचित कलती करून, आवडतं पुस्तक ऐकावं तशा त्या ऐकत राहिल्या.